एक वस्तू, अनेक कायदे

एकच वस्तू एका देशात शासनाने स्वतः लोकांच्या हाती द्यावी आणि दुसऱ्या देशात ती नुसती जवळ बाळगणेही गुन्हा ठरावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या, म्हणजेच ई-सिगारेटच्या बाबतीत आज जगात नेमके असेच चित्र दिसते. या भिन्नतेचे कारण समजून घेतले, तर आपल्या देशातील बंदी योग्य आहे की नाही, याचाही विचार नीट करता येतो.

ई-सिगारेट हे विजेरीवर चालणारे छोटे उपकरण आहे. त्यातील द्रव तापवला जातो आणि त्याची वाफ ओढली जाते. या द्रवात बहुधा निकोटिन आणि फळांचे किंवा मिठाईचे स्वाद असतात. आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने तयार केली. तंबाखू प्रत्यक्ष जळत नसल्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे घातक घटक येथे टळतात, हे खरे आहे. तथापि निकोटिनचे व्यसन टळत नाही. वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूवर निकोटिनचा विपरीत परिणाम होतो. शिवाय वर्षानुवर्षे ही वाफ ओढल्याने काय होते, हे सांगण्याइतका काळ अजून लोटलेला नाही.

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्थानकातून हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे या मार्गाने दिल्लीकडे गाडी जाते. या प्रवासात भाषा बदलते, राज्ये बदलतात. ई-सिगारेटविषयीचा कायदा मात्र बदलत नाही. यशवंतपूरच्या दुकानदाराला जी वस्तू विकता येत नाही, ती पुण्याच्या किंवा दिल्लीच्या दुकानदारालाही विकता येत नाही. कर्नाटक राज्याने तर २०१६ मध्येच तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. पुढे १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांना या कायद्याने मनाई केली. विक्रीसारख्या गुन्ह्याला प्रथम एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होतो. कायद्याचा रोख व्यसनी माणसापेक्षा व्यापारावर अधिक आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

देशाची सीमा ओलांडली की चित्र पालटते. सिंगापूरमध्ये २०१८ पासून ही वस्तू जवळ बाळगणे आणि वापरणे हाही गुन्हा आहे. ब्राझीलने २००९ मध्ये घातलेली बंदी २०२४ मध्ये पुन्हा कायम केली. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तिची विक्री केवळ औषधांच्या दुकानांपुरती मर्यादित केली. अमेरिकेत २१ वर्षांखालील व्यक्तीला ती विकता येत नाही. ब्रिटनने मात्र तिच्याकडे धूम्रपान सोडवण्याचे साधन म्हणून पाहिले. २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेटचा संच देण्याची योजना तेथील शासनाने जाहीर केली. त्याच ब्रिटनला मुलांमधील वाढता वापर पाहून १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकून देण्याच्या ई-सिगारेटी बंद कराव्या लागल्या. चीनची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. जगाला ई-सिगारेटी पुरवणाऱ्या या देशाने २०२२ मध्ये तंबाखूखेरीज अन्य स्वादांच्या ई-सिगारेटी आपल्या लोकांना विकण्यास मनाई केली. निर्यातीच्या मालाला मात्र ही मनाई लागू केली नाही. आपल्या घरी नको ते दुसऱ्याच्या दारी चालते, असाच याचा अर्थ होतो.

हे कायदे वेगवेगळे का झाले? प्रत्येक देशाच्या डोळ्यांसमोरचा माणूस वेगळा होता, हे त्याचे उत्तर आहे. ब्रिटनच्या डोळ्यांसमोर अनेक वर्षे सिगारेट ओढणारा प्रौढ माणूस होता. भारताने विचार केला तो अजून कोणतेच व्यसन न लागलेल्या मुलाचा. आपल्याकडील परिस्थिती पाहता हा विचार योग्यच म्हणावा लागेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे २६ कोटी ७० लाख प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणाऱ्यांची संख्या मोठी होती. यशवंतपूरच्या बाजार आवारात पोती वाहणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या हमालाचे व्यसन या महागड्या उपकरणाने सुटणार नव्हते. पेन किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसणारी आणि फळांचा स्वाद देणारी ही वस्तू त्याच्या मुलाला मात्र सहज भुरळ घालू शकली असती.

या बंदीवर एक आक्षेप घेतला जातो व तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सिगारेट आणि विडी कोपऱ्यावरच्या टपरीवर उघड मिळत असताना केवळ ई-सिगारेटवर बंदी का? याचे एक उत्तर बेळगाव जिल्ह्यातील निपाणीत सापडते. तेथील मराठी भाषक भागात तंबाखूचा शेतकरी, वखारीत राबणारी स्त्री आणि घरी विड्या वळणारी बाई यांचे पोट तंबाखूवर आहे. १९८१ मध्ये याच शेतकऱ्यांना रास्त भावासाठी मोठे आंदोलन करावे लागले होते. रुजलेला धंदा एका रात्रीत उपटता येत नाही, कारण त्याबरोबर माणसेही उपटली जातात. नवा धोका मात्र उंबरठ्यावरच अडवता येतो.

परंतु या उत्तरावर समाधान मानून थांबणे म्हणजे जुन्या विषाला अभय देणे होय. विडी वळणाऱ्या हातांना दुसरे काम आणि तंबाखूच्या शेताला दुसरे पीक मिळवून देणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. कर्नाटकाने २०२५ मध्ये तंबाखूजन्य पदार्थ विकत घेण्याचे किमान वय १८ वरून २१ वर नेले आणि हुक्का बारवर बंदी घातली. ही पावले योग्य दिशेने पडलेली आहेत.

बंदीची दुसरी बाजूही विसरता कामा नये. चोरून विकल्या जाणाऱ्या वस्तूची तपासणी कोणीच करत नाही; तिच्यात काय भरले आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून पोलिसांच्या छाप्यांबरोबरच पालकांना ही वस्तू ओळखता आली पाहिजे. व्यसन लागलेल्या माणसाला धाकापेक्षा आधाराची गरज अधिक असते. त्यासाठी १८०० ११ २३५६ ही विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्थाही तिच्या केंद्रांपैकी एक आहे.

कायदा दुकानाचे दार बंद करू शकतो. मनातील ओढ बंद करणे त्याच्या हाती नाही. ते काम घराने, शाळेने आणि समाजाने करायचे असते. भारताने मुलांचा विचार करून केलेला हा कायदा योग्य आहे, पण त्यांच्या वडिलांच्या विडीचाही तितक्याच कळकळीने विचार होईल, तेव्हाच तो पूर्णत्वास जाईल.