पिंपाचे पोवाडे

इंग्रजी जोरकस एलची स्तुति करावयाची म्हणजे पिंपाचे पोवाडे गावयाचे, अशी हल्लीं रीतच पडली आहे. बाटलीवर ‘ओकमध्यें मुरविलेली’ अशीं अक्षरें दिसलीं, कीं रसिकांस पहिल्या घोटांत व्हॅनिला आढळतो, दुसऱ्यांत नारळ आणि तिसऱ्यांत जळक्या लाकडाचा खमंगपणा. हें सर्व त्या पेल्यांत असतेंहि. तक्रार ती नव्हे. तक्रार अशी, कीं या उसन्या वासास जुन्या इंग्रजी परंपरेचें नांव दिलें जातें.

वस्तुस्थिति काय आहे? एकोणिसाव्या शतकांत एल बनविणारे इंग्रज कारखानदार पिंपांसाठीं बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरांतून येणारें ओक पसंत करीत, तें त्याची चव एलमध्यें फारशी उतरत नाहीं म्हणून. अमेरिकन ओक त्यांना नकोसें वाटे, कारण त्याचा वास पेयास लागे. आज जो व्हॅनिला वाखाणला जातो, तो बहुधा याच अमेरिकन लाकडाचा. आणि तेंहि बर्बन व्हिस्की मुरवून रिकाम्या झालेल्या, आंतून जाळलेल्या पिंपांचें! पूर्वजांनीं ज्याला दोष मानलें, त्याचीच आरती त्यांच्या नांवानें चालली आहे.

मग ओक कशासाठीं? काळासाठीं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांतील शास्त्रज्ञ क्लाउसेन यानें 1904 सालीं दाखवून दिलें, कीं मुरलेल्या इंग्रजी एलची खास चव एका विशिष्ट यीस्टच्या संथ, दुसऱ्या आंबण्यानें येते. त्याला त्यानें नांवच ‘ब्रेटॅनोमायसीज’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असें दिलें. पिंपाचें लाकूड हें या जीवाचें बिऱ्हाड होय.

सफोक परगण्यांतील बरी सेंट एडमंड्स येथें ग्रीन किंग यांची ‘ओल्ड फाइव्ह एक्स’ ओकच्या प्रचंड पिंपांत निदान दोन वर्षें मुरविण्याची रीत प्रसिद्ध आहे. शेंकडा 12 मद्यार्काची ही एल ताज्या एलमध्यें मिसळून ‘स्ट्राँग सफोक’ सिद्ध होते. मीं ती चाखली तेव्हां आधीं गोडी लागली, मग काळ्या मनुकांची गडद रुचि आणि शेवटीं किंचित् आंबट, कोरडी धार. लाकूड कोठें पुढें पुढें करीत नव्हतें.

कोणी म्हणेल, आवड ज्याची त्याची. मान्य! पण आवड निराळी आणि नांव निराळें. आपल्या घरीं लोणचें बरणींत मुरतें. त्याची वाहवा करतांना बरणीच्या चवीचें कौतुक कोणी करीत नाहीं. उलट भांड्याची चव उतरली, तर पदार्थ कळकला म्हणून आपण तो टाकून देतों.

वाद केवळ शब्दांचा नाहीं. दोन वर्षें पिंप अडविणें म्हणजे दोन वर्षें भांडवल अडकविणें. व्हॅनिला मात्र कांहीं आठवड्यांत उतरतो. मुरलेलें आणि माखलेलें यांतील भेद जिभेस ज्या दिवशीं कळेनासा होईल, त्या दिवशीं दोन वर्षें थांबणारा कारखानदारच मूर्ख ठरेल. मग त्याला मूर्ख ठरविणारे आपणच असूं.