रेघ कागदावर आहे तोवर

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटर लांबीचे हे प्रचंड काम एकदाचे तडीस गेले. त्यांपैकी सुमारे ४२ किलोमीटर रस्ता जालना जिल्ह्याच्या बदनापूर व जालना या दोन तालुक्यांतून जातो. त्याच जालन्यापासून परभणीमार्गे नांदेडपर्यंत सुमारे १७९ किलोमीटरांचा दुसरा द्रुतगती मार्ग नेण्याची योजना शासनाने २०२१ पासून हाती घेतली आहे. जालना, परतूर आणि मंठा या तालुक्यांच्या नकाशांवर तिची रेघ उमटली, आणि भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकरी आंदोलनास उभे राहिले. त्या आंदोलनांची वृत्ते वाचताना नागरिकांचा असा समज होतो की, सारा तंटा दर एकरी किती रुपये एवढाच आहे. आमच्या मते तो तेवढाच नाही.

प्रथमच सांगून टाकतो की, आम्ही रस्त्यांचे वैरी नाही. जालन्याला ‘सोन्याचा पाळणा’ म्हणत आले ते तेथील व्यापारामुळे, आणि व्यापार हा वाहतुकीचा आश्रित आहे. निजामाच्या राज्यात १९०० साली मनमाडची रेल्वे झाली म्हणून येथील पेठेला मुंबईचा बाजार मिळाला. आजचे लोखंडी सळयांचे कारखाने, बियाण्यांचा धंदा आणि मोसंबीच्या बागा यांनाही बंदर जवळ हवेच आहे. मात्र रस्ता हवा असे म्हणणे निराळे आणि तो कोणीही, कोठूनही, कसाही न्यावा असे म्हणणे निराळे.

रस्त्याचे भवितव्य डांबर किंवा काँक्रीट पडते त्या दिवशी ठरत नाही. मुरमाची पहिली पाटी पडण्यापूर्वीच, प्राथमिक संकल्पनाच्या कागदांवर, ते ठरून गेलेले असते. आखणी टेकडीच्या कोणत्या अंगाने जावी, भराव किती उंच असावा, कोणत्या ओढ्यावर पूल आणि कोणत्या ओघळीवर नुसती मोरी, शेतात जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग कोठे, हे सर्व निर्णय तेथे होतात. पुढे त्यांत फरक करावयाचा म्हटले की खर्चाचा डोंगर उभा राहतो आणि ‘आता फार उशीर झाला’ हे ठराविक उत्तर मिळते. तेव्हा विचारावयाचा प्रश्न एकच : हे कागद तयार होत असताना गावाला कोणी विचारले काय?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही सोय केली होती. जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करावे आणि त्यात ग्रामसभेशी विचारविनिमय व्हावा, असे तो कायदा सांगतो. परंतु २०१८ च्या राज्य दुरुस्तीने १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याखालील संपादन त्या बंधनातून वगळले. मोबदल्याचा हक्क शिल्लक राहिला, पण आधी विचारले जाण्याचा हक्क गेला. शेतकऱ्याच्या हाती हरकतीचा अर्ज तेवढा उरला, आणि तोही रेघ ओढून झाल्यावर द्यावयाचा! उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर प्रश्न समजावून देण्याचा हा प्रकार आहे. त्यामुळे सगळा असंतोष पैशांच्या एकाच वाटेने बाहेर पडला, तर त्याबद्दल शेतकऱ्याला लोभी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

रस्ते-नियोजनाची आपली परंपरा याहून उदार होती. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. तिचे एक सूत्र असे होते की, लागवडीखालील मुलखात कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये. परक्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांतली ती योजना, पण तिचे माप गावापासून सुरू होत होते. समृद्धीचे माप मुंबई ते नागपूर आठ तास हे आहे. हेही माप खोटे नव्हे, पण ते वाटेवरच्या गावाचे नव्हे. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला मज्जाव, दुचाकीला मज्जाव, आणि चढावयाचे तर थेट अदलाबदल चौकापर्यंत जावे लागते. म्हणजे ज्याच्या शेतातून रस्ता जातो त्याच्या दृष्टीने तो रस्ता नसून एक भिंत आहे.

आता या भिंतीला दारे किती आणि कशी, हाच तर संकल्पनाचा विषय. समृद्धीवर भुयारी मार्ग ठेवले आहेत हे आम्ही जाणतो. पण सोयाबीन काढणारे हार्वेस्टर आणि कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली त्यातून जाते काय, आणि आषाढात तेथे गुडघाभर पाणी साचते काय, हे मुंबईत बसून कळत नाही. बांधावरून जाण्याचा शेतकऱ्याचा हक्क १९६६ च्या जमीन महसूल संहितेने मानला आहे. वहिवाटीची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार ती मोकळी करून देतो. शेजाऱ्याने अडविलेली वाट अशी मोकळी होते. शासनाने अडविलेल्या वाटेसाठी कोणत्या मामलेदाराकडे जावे?

पाण्याचे तर विचारूच नका. जालन्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस, म्हणून मोऱ्या लहान चालतील असा हिशेब मोहात पाडतो. पण हा पाऊस सरासरीने पडत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्याची शेते कशी खरवडून नेली, ते सर्वांनी पाहिले. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर उंच भराव घातला आणि पाण्याला पुरेशी वाट ठेवली नाही, तर वरच्या अंगाच्या शेताचे तळे होते आणि खालच्या अंगाची विहीर रिती राहते. कोणत्या ओघळीला दहा वर्षांतून एकदा पूर येतो, हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारावे. तेवढा जुना मोजमापाचा कागद प्रत्येक ओघळीसाठी सरकारी दप्तरात मिळेलच असे नाही.

घाईची किंमत केवळ शेतकरीच देतो असेही नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे, जालन्याच्या सीमेपलीकडे सिंदखेडराजाजवळ, समृद्धीवर खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी होरपळून मेले. त्या एका अपघाताचे कारण आम्ही येथे ठरवीत नाही. पण ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पट्टा खुला झाला, तेव्हा वाटेवर उपाहारगृहे, विसाव्याच्या जागा, वाहनदुरुस्तीच्या सोयी पुरेशा नव्हत्या, ही गोष्ट जगजाहीर आहे. ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आखलेल्या सरळसोट रस्त्यावर चालकाच्या डोळ्यांवर झापड येणारच, हे आखणाऱ्यांना ठाऊक असावयास हवे होते. विसाव्याची जागा ही रस्ता झाल्यावर जोडावयाची शोभा नव्हे. तीही त्याच पहिल्या कागदांत असावयास हवी.

म्हणून आमची राज्य रस्ते विकास महामंडळाला विनंती आहे. नांदेड मार्गाचे जे संकल्पन आहे ते मराठीत, गावनिहाय नकाशांसह, परतूर, मंठा आणि जालना तालुक्यांतील प्रत्येक बाधित ग्रामपंचायतीत लावावे. त्यावर मोऱ्या, भुयारी मार्ग, त्यांची उंची-रुंदी आणि सेवारस्ते स्पष्ट दाखवावेत. ग्रामसभेपुढे अभियंत्याने स्वतः उभे राहून ते समजावून द्यावे, सूचना लिहून घ्याव्यात आणि ज्या नाकारल्या त्या का नाकारल्या याचे लेखी उत्तर द्यावे. कायदा हे करावयास भाग पाडीत नाही, पण करू नका असेही सांगत नाही. यात दोन-तीन महिने जातील. जाऊ द्यावेत, पावसाळ्यात ग्रामसभा घेतल्या तर ओघळी कोठून वाहतात तेही अभियंत्यांना जागेवरच दिसेल.