प्रशिक्षक बदलले, मैदानाचे काय?

संघ हरू लागला की पहिली मागणी होते ती प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी २००७ ते २०१७ या दहा वर्षांत अर्धा डझनाहून अधिक प्रशिक्षक येता-जाता पाहिले. संघाची घसरण मात्र थांबली नाही. दुखणे मैदानाचे होते.

१८९९पासून हायफिल्ड रोड हे क्लबचे घर. १९८७मध्ये टॉटनहॅमला ३-२ असे नमवून एफए करंडक जिंकणारा आणि सलग ३४ वर्षे अव्वल श्रेणीत टिकलेला हा क्लब २००१मध्ये खाली घसरला. कर्ज वाढले, हायफिल्ड रोड विकले गेले आणि २००५मध्ये ३२ हजार क्षमतेच्या रिको अरेनात क्लब भाडेकरू म्हणून दाखल झाला. भाडे वर्षाला सुमारे १२ लाख पौंड! सामन्याच्या दिवशी खाण्यापिण्यातून मिळणाऱ्या पैशावरही क्लबचा हक्क उरला नव्हता.

२०१२मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला आणि मालकांनी भाडे थकवले. वाद इतका विकोपाला गेला की २०१३-१४च्या मोसमात 'घरचे' सामने ५५ किलोमीटरवरील नॉर्दम्प्टनमध्ये झाले. प्रेक्षकांची सरासरी अडीच हजारांच्याही आत आली. मालकांच्या खिशात पैसे जाऊ नयेत म्हणून काही चाहते तिकीट न काढता स्टेडियमबाहेरच्या टेकडीवरून सामना पाहत. सप्टेंबर २०१४मध्ये संघ परतला, तेव्हा पहिल्याच सामन्याला २७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. प्रेक्षक कुठेही गेले नव्हते, गेला होता तो क्लब.

मग प्रशिक्षकाला महत्त्व नाही काय? तसे म्हणता येणार नाही. मार्च २०१७मध्ये परतलेल्या मार्क रॉबिन्स यांना संघाची चौथ्या श्रेणीतील घसरण रोखता आली नाही, पण २०१८ आणि २०२० अशा दोन बढत्या त्यांनीच मिळवून दिल्या. दुसरी बढती तर बेघर अवस्थेतली. अरेना २०१४मध्ये वास्प्स या रग्बी क्लबने घेतले होते आणि २०१९ ते २०२१ कॉव्हेंट्रीला बर्मिंगहॅममध्ये खेळावे लागले. प्रीमियर लीगचे दार २०२३मध्ये ल्युटनविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये बंद झाले.

अशा प्रशिक्षकाला नोव्हेंबर २०२४मध्ये, संघ १७व्या स्थानावर असताना, नारळ मिळाला. चाहत्यांत उभी फूट पडली. काहींना तो कृतघ्नपणा वाटला, तर काहींना साडेसात वर्षांनंतरचा अपरिहार्य बदल. नवे प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड यांनी त्याच मोसमात संघाला पाचव्या स्थानी नेले. मे २०२५मध्ये प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत संडरलंडने जादा वेळेतील अखेरच्या क्षणी गोल करून वाट अडवली.

ऑगस्ट २०२५मध्ये क्लबने अखेर ते स्टेडियम विकत घेतले. हायफिल्ड रोड सोडून तेव्हा वीस वर्षे झाली होती.