मशीन नको, आधी जातं घ्या



"पंधरा हजारांत कॉफीचं कोणतं मशीन घेऊ?" हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला हिंगोलीतून आला, वसमतहून आला, कळमनुरीहूनही आला. मुलं पुण्या-बंगळूरला शिकून घरी येतात, त्यांना तिथली घट्ट, फेसाळ कॉफी हवी असते आणि आईला वाटतं की ओट्यावर चकचकीत मशीन आलं म्हणजे काम झालं. माझं उत्तर कुणालाच आवडलेलं नाही. मशीन घेऊ नका. ग्राइंडर घ्या.

ज्यांनी चहा-कॉफीच्या त्यागाचा नियम घेतला आहे त्यांना माझा नमस्कार, हा लेख त्यांच्यासाठी नाही. मी अजून तिथवर पोचलेले नाही. पण प्यायचीच तर विवेकाने प्यावी, आणि पैसेही विवेकाने घालवावेत.

आधी त्या मशीनच्या खोक्यावरचा आकडा बघू. '15 बार', '20 बार' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. एस्प्रेसोला लागतो साधारण 9 बार दाब. खोक्यावरचा आकडा म्हणजे पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो तेवढाच. रिक्षाच्या मीटरवर 120 लिहिलं म्हणून ती 120 ने पळते का? स्वस्त मशीनमध्ये कॉफीच्या चाळणीला बहुधा दुहेरी तळ असतो, आणि खालच्या तळाला टाचणीएवढं एकच भोक. कोणतीही पूड घाला, त्या भोकातून जोराने फवारा येतो आणि फेस दिसतो. तो फेस भोकाचा आहे, कॉफीचा नाही. बारा हजार देऊन आपण फेस विकत घेतो.

खरी एस्प्रेसो म्हणजे साधारण 18 ग्रॅम पूड आणि 25 ते 30 सेकंदांत तिच्यातून उतरलेला 36 ग्रॅमच्या आसपासचा अर्क. हे जमतं की नाही ते पूड किती बारीक आणि किती एकसारखी आहे यावर ठरतं. मिक्सरच्या भांड्यात पातं दाणे फोडतं, दळत नाही. थोडा भुगा, थोडी कणी. भुगा कडू होतो, कणी आंबट राहते, आणि दोन्ही एकाच कपात येतात. चांगल्या ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या किंवा शंकू असतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करता येतं. हे यंत्र आपल्याला नवीन नाही. दोन तळ्या, मध्ये खुंटा, वरून वैरण. जात्याला टाकी लावली नाही तर पीठ कसं येतं हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि आता त्यांच्या नाती म्हणतात, "ग्राइंडरला सात हजार? दळायलाच?"

हो, दळायलाच. आपण तर ताज्या दळणाचं महत्त्व सांगणारी माणसं. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7, हे आपल्याला तोंडपाठ आहे. दळलेल्या मसाल्यालाही आपण हाच हिशेब लावतो. मग महिनोन्महिने डब्यात पडलेली कॉफीची पूड कोणत्या हिशेबात बसते? चवीचा हिशेबही तोच सांगतो. भाजलेला दाणा नीट बंद ठेवला तर काही आठवडे चांगला राहतो, दळल्यावर मात्र त्याचा वास काही मिनिटांतच उडू लागतो.

आता पाणी. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्तच बोलणार आहे. मशीनच्या मागे प्लास्टिकची टाकी असते. सकाळी भरायची, संध्याकाळपर्यंत वापरायची, उरलं तर उद्या. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. उकळलेलं असेल तर 24 तास. घरात नळाला गाळणं बांधायचं, जिवाणी जपून विहिरीत सोडायची आणि ओट्यावरच्या टाकीत तीन दिवसांचं पाणी ठेवायचं, हे कसं चालतं? टाकी रोज रिकामी करता येते, मान्य. पण आतल्या नळ्यांतलं आणि बॉयलरमधलं पाणी तिथेच राहतं. दूध फेसाळायच्या वाफेच्या नळीचंही तेच. लगेच पुसून वाफ सोडली नाही तर आत दूध वाळून बसतं. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बॉयलरमध्ये क्षार धरतात आणि मशीन बसतं. मी हे पैसे भरून शिकले आहे. माझं पहिलं मशीन दीड वर्षात बंद पडलं, दुरुस्तीला नांदेडला पाठवलं, तिथून ते पुढे कुठे गेलं आणि दोन महिन्यांनी तसंच परत आलं. आता त्यावर मनीप्लांट ठेवलाय.

तिसरी गोष्ट जरा टोचेल. आपल्या डब्यातल्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच इन्स्टंट कॉफीत आणि फिल्टर कॉफीच्या पुडीत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर लिहावं, असा आपल्याकडचा नियमच आहे. म्हणजे कंपनीने लपवलेलं नाही, आपण वाचलं नाही. गाजर-बटाटा घरात न आणणाऱ्या घरांत वर्षानुवर्षं मूळ उकळतंय.

यावर लगेच उत्तर येतं, आणि हिंगोलीत तर येणारच: "मग हळद काय आहे?" बरोबर आहे. हळदीचा बाजार हीच आपली ओळख, आणि वाळलेली हळद नि सुंठ आपल्याकडे चालते. पण ती चिमटीने, औषधासारखी, वाळून अचित्त झालेली म्हणून चालते. चिकोरी त्याच न्यायाने चालते की नाही हे मी ठरवणार नाही, तुमच्या महाराजांना किंवा माताजींना विचारा. माझं म्हणणं एवढंच की विचारण्याआधी आपल्याला माहीत तरी हवं. दाणे घरी आणून दळले तर हा प्रश्नच उरत नाही. दाण्यात मूळ लपत नाही.

मग पंधरा हजारांचं काय करायचं? स्टीलच्या दात्यांचा, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर साधारण पाच ते आठ हजारांत येतो. बाराशे-पंधराशेचे चिनी मातीच्या दात्यांचे घेऊ नका, त्यांचा दांडा हलतो आणि पूड पुन्हा कमी-जास्त होते. लोडशेडिंगची चिंता नाही. दोन कपांचं दळण दीड-दोन मिनिटांत होतं, हात थोडा दुखतो. साफ करायचा ब्रश मात्र विचारून घ्या. त्यातले काही डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचा घ्या.

त्यासोबत गॅसवर ठेवायचा मोका पॉट, दोन-तीन हजारांचा. 1933 सालची इटलीतली ही युक्ती आहे, अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातली. गाळून उकळलेलं पाणी खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत, पूड मिठासारखी, दाबायची नाही, आच मंद. गुरगुर ऐकू आली की उतरवा. दाब दीड बारच्या आसपास, म्हणून ही एस्प्रेसो नव्हे. मी ती एस्प्रेसो म्हणून खपवणार नाही. पण दूध घातल्यावर घरातल्या मुलाला फरक कळतो का ते बघा. माझ्याकडे दोघांपैकी एकालाच कळला.

तरी खरी एस्प्रेसोच हवी असेल तर पुढच्या वर्षी हाताच्या दांड्याने दाबायचं साधं यंत्र घ्या. महाग आहे. पण त्याला टाकी नाही, वीज नाही, पंप नाही. दर वेळी ताजं उकळलेलं पाणी वरून ओतायचं. ग्राइंडर तोच चालतो, फक्त घेतानाच तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो ना, आणि त्याच्या पायऱ्या पुरेशा बारीक आहेत ना, हे विचारून घ्या.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. बारा हजारांचं मशीन घरात सहज मंजूर होतं, कारण पाहुण्यांना ते दिसतं. ग्राइंडर कपाटात जातो, म्हणून त्यावर वाद होतो. सासूबाईंनीही मला विचारलं होतं, "अगं, एवढ्या पैशांत पिठाची गिरणी आली असती." मी म्हटलं, "आई, ही गिरणीच आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दाणे घालून दांडा फिरवून पाहिला आणि "हलकं फिरतंय की" एवढंच बोलल्या. कॉफी त्या पीत नाहीत.

दाण्यांचं म्हणाल तर आपल्या देशातली साधारण 70 टक्के कॉफी कर्नाटकात होते, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख असलेले दाणे टपालाने घरपोच येतात. तारीख नसेल तर घेऊ नका. आणि हो, मुक्तागिरीच्या यात्रेला गेलात तर चिखलदऱ्यालाही जाऊन या. आपल्या महाराष्ट्रात कॉफीची झाडं तिथे आहेत. मुलांना लाल फळं दाखवा, कॉफी मुळातून येत नाही हे त्यांना तिथेच कळेल.

ग्राइंडर घेण्याआधी फिरवून बघायचा असेल तर माझ्याकडे या. दुपारी तीन ते पाच. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उशिरा आलात तर दळायला मिळेल, प्यायला नाही.