ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची निवड

मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली एक जुनी फियाट ११०० आमच्या दुधनीच्या घरीं अद्याप नांदते आहे. अशा गाड्या निघण्याचें बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यामुळें मास्टर सिलिंडर गळूं लागला, कीं मिळेल तो आणून बसविण्याचा मोह होतो. त्याच गाडींत वृद्ध माता व नातवंडें बसावयाचीं असतात!

चिरंजीवांचें म्हणणें पडलें, मोठा सिलिंडर घेतला म्हणजे ब्रेक जोरदार लागेल. वस्तुस्थिति उलट आहे. पाऊण इंच व्यासाच्या जागीं सात अष्टमांश इंचाचा बसविला, तर क्षेत्रफळ ३६ ला ४९ या प्रमाणांत वाढतें. तेलांत पूर्वीइतकाच दाब आणण्यास पायानें ३६ टक्के अधिक जोर द्यावा लागतो. लहान घेतल्यास पाय हलका पडतो, पण पेडल खोल जातें, आणि ब्रेकचे पट्टे झिजलेले असले तर तें तळाशींच टेकतें. म्हणून मूळ व्यास तोच ठेवावा. जुन्या सिलिंडरवरील आंकडा पुसला असेल, तर आंतील पोकळी मापून घ्यावी. संस्कृतांत 'प्रमाण' म्हणजे मापहि आणि पुरावाहि. दुकानदाराच्या शब्दापेक्षां आम्ही कॅलिपरचेंच प्रमाण मानतों.

वर्षानुवर्षें खोक्यांत पडून राहिलेला 'अस्सल' माल पाहून भुलूं नये. आंतील रबर ताठर झालेलें असतें, पोकळीस गंजहि चढलेला असतो. पोकळी गुळगुळीत असेल तर नवे रबरी वायसर घालून भागतें. खड्डे पडले असल्यास सिलिंडरच बदलावा. तेल ब्रेकचेंच हवें. इंजिनाचें तेल ओतल्यास रबर फुगून ब्रेक लागलेलेच राहतात.

ह्या जुन्या फियाटींत चारहि चाकांस एकच तेलमार्ग असतो. एक नळी फुटली, कीं पायाचा ब्रेक समूळ गेला. उरतो तो हातब्रेक. दोन स्वतंत्र मार्गांचा जोडसिलिंडर बसविण्यास खर्च येतो, नळ्याहि नव्यानें विभागाव्या लागतात. परंतु जाणता कारागीर मिळत असेल, तर मुलांबाळांच्या गाडीस तो खर्च आम्ही उधळपट्टी म्हणणार नाहीं.

बसविल्यावर नळ्यांतील हवा काढून पेडल मिनिटभर दाबून धरावें. तें हळूहळू खालीं सरकूं लागलें, आणि बाहेर कोठें तेलाचा थेंबहि दिसत नसला, तर आंतील रबर तेल सोडीत आहे असें समजून सिलिंडर दुकानीं परत न्यावा.