‘काही नाही, घरीच असते’

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा अन्वेषक दारात येतो तेव्हा त्याने घरातल्या प्रत्येक माणसाला एक कोड द्यायचा असतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ११, घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनमोबदला राबणाऱ्याला २१, पगारदाराला ३१, रोजंदारीवर जाणाऱ्याला ५१, काम शोधणाऱ्याला ८१. फक्त घरकाम असेल तर ९२, घरकामासोबत सरपण, चारा, रानभाजी गोळा करणे असेल तर ९३. मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवरचे दोन म्हशींचे घर घ्या. सून पहाटे धारा काढते, शेण काढते, बांधावरून गवताचा भारा आणते, दुपारी स्वतःच्याच रानात खुरपायला जाते. “सूनबाई काय करतात?” असे विचारले की उत्तर बहुधा सासऱ्याकडून येते : “काही नाही, घरीच असते.” अन्वेषकाने तेवढ्यावर समाधान मानले तर ती ९२ किंवा ९३ मध्ये जाते आणि देशाच्या श्रमबलातून वगळली जाते. त्याने आणखी दोन प्रश्न विचारले, तर ती २१ होते आणि श्रमबलात मोजली जाते. म्हशी त्याच, सून तीच.

श्रमाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा किरकोळ तपशील नाही. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४७.६ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. याच काळात देशातला एकूण बेकारीचा दर ६.१ वरून ३.२ टक्क्यांवर आला. पण त्याच सर्वेक्षणाच्या अहवालाची पुढची पाने उलटली की दिसते, एकूण काम करणाऱ्यांत घरच्या उद्योगातल्या बिनमोबदला मदतनिसांचा वाटा १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेला आहे आणि शेतीतला वाटाही ४४.१ वरून ४६.१ झाला आहे. म्हणजे वाढलेल्या ‘रोजगारा’चा मोठा भाग असा आहे, की ज्यात महिन्याच्या शेवटी हातात काही पडत नाही.

या आकड्यांवर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहे. कोणी म्हणते, ओढगस्तीमुळे बायका शेतात उतरल्या. कोणी म्हणते, आधीही त्या राबतच होत्या, आता प्रश्न नीट विचारले जातात एवढेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि कोणती किती खरी, हे तक्त्यावरून कधीच कळणार नाही. ते त्या दारातच कळू शकते. म्हणून हा विषय दिल्लीतल्या अहवालकारांपेक्षा क्षेत्रात फिरणाऱ्यांचा अधिक आहे.

प्रा. म. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्येच सांगितले होते, की आपल्यासारख्या देशात बेकारी एका आकड्यात मांडू नये. त्या शिफारशींच्या पायावर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची १९७२-७३ ची फेरी झाली आणि वर्षभराची नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि अर्ध्या-अर्ध्या दिवसाने मोजलेली रोजची स्थिती अशी तीन मापे रूढ झाली. आजच्या अहवालांत पहिली दोनच मापे पुढे असतात आणि एप्रिल २०२५ पासून दर महिन्याला येणारा आकडा आठवड्याच्या स्थितीवर उभा आहे. त्यात सात दिवसांत कोणत्याही दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. पुण्या-मुंबईत दिवसभर लॉगिन करून दोनच ऑर्डर मिळालेला डिलिव्हरी करणारा मुलगा या हिशेबात बेकार नाही. त्याने ऑर्डरची वाट पाहण्यात घालवलेले तास कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती.

वार्षिक मापाने सर्वांत जास्त झाकले जाते ते ऊसतोड कामगारांचे वर्ष. बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती ‘कोयत्या’मागे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते. हिशेब टनावर आणि जोडीचा होतो, व्यवहार मात्र पुरुषाच्या नावाने. तिची मजुरी किती, या प्रश्नाला त्या घरात उत्तरच नसते. पावसाळ्यात गावात काम मिळाले तर मिळाले, नाहीतर बसून राहायचे. तरीही वर्षातला बराचसा काळ कामात गेला म्हणून दोघेही ‘रोजगारात’. जानेवारीत गावात गेलेल्या अन्वेषकाला त्यांच्या घराला कुलूप दिसते आणि साखर कारखान्याच्या परिसरातल्या कोपींमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, फारसे कोणी विचारायला जात नाही. जूनमध्ये त्याच घरी गेले तर तीच माणसे “काम द्या” म्हणताना भेटतात. एकाच भेटीवर त्यांच्याविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यास अपुरा आहे, मग त्याचा नमुना कितीही मोठा असो.

महाराष्ट्राने ही लपलेली बेकारी एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्यांत आणि माती वाहणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींबद्दल आदल्या वर्षी विचारले असते, तर ‘घरीच असते’ हेच उत्तर आले असते. काम गावाजवळ आले, मजुरी मिळू लागली, आणि घरी असलेल्या बायका कामावर हजर झाल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. कामाची मागणी नोंदवणारे अर्ज हे तेव्हापासून बेकारीचे एक चांगले मोजमाप आहे, आणि संशोधकांनी त्याचा उपयोग फार कमी केला आहे.

कसे विचारावे, याचा उत्तम धडा फार जुना आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी मंदीच्या काळात बंद पडली आणि बहुतेक सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथल्या ४७८ कुटुंबांचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांकडून दिवसाचे वेळापत्रक भरून घेतले, वाचनालयातून किती पुस्तके जातात ते पाहिले, रस्त्याने कोण किती वेगाने चालते हे घड्याळ लावून मोजले. पुरुष रेंगाळत, पुनःपुन्हा थांबत चालत होते आणि दिवस कसा गेला हे त्यांना सांगता येत नव्हते. बायका मात्र घाईत होत्या. पगार गेला होता, काम संपले नव्हते. अभ्यासकांनी स्वतःवर एक नियमही घातला होता : कोणीही तिथे नुसते बघ्याच्या भूमिकेत राहायचे नाही, गावाच्या काही उपयोगी पडायचे. कपडे वाटणे, वैद्यकीय तपासणी, शिवणकामाचे बेतणे शिकवणे यातूनही त्यांना माहिती मिळाली.

आपल्याकडे हे साधन नाही असे नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात चोवीस तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारला गेला. घरच्या बिनमोबदला कामात सहभागी होणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८. “काय करता?” याऐवजी “काल उठल्यापासून काय काय केलं?” असे विचारले की माहितीच वेगळी येते. छोट्या अभ्यासांना हा बदल करायला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

कोणता कोड द्यायचा, असाच पेच पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत आहे. पदवी होऊन चार-पाच वर्षे झालेला, मेसचा डबा खाऊन स्पर्धा परीक्षा देत राहिलेला तरुण विद्यार्थी धरायचा की बेकार? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. ते अर्ज करणारे कोणकोणत्या कोडमध्ये मोजले गेले असतील, यावर एखाद्या विद्यापीठ विभागाने जरूर काम करावे.

यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी क्षेत्रकाम करणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. टोळी निघण्यापूर्वी निवडलेल्या घरांत एक फेरी करावी, ती परतल्यावर त्याच घरांत दुसरी. दोन्ही वेळा बाईविषयीचे उत्तर बाईकडूनच घ्यावे. कोणी उत्तर दिले याची नोंद प्रत्येक ओळीपुढे करावी आणि जिथे कोड देताना हात अडखळला, तिथे का अडखळला ते समासात लिहावे. अशा प्रश्नावल्या, नावे आणि पत्ते झाकून, खाडाखोडीसह संपादकांकडे पाठवाव्यात. त्या जशाच्या तशा छापल्या जातील.