घट बसले होते आणि वादळ उठले

या पानावर मी एरवी मोलकरणीचे खाडे, लग्नातले आहेर आणि भाजणीचे प्रमाण यांपलीकडे फारशी जात नाही, हे माझ्या वाचक भगिनींना ठाऊक आहे. पण दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात, तेव्हा या खेपेस एक लांबची हकीगत सांगते. लांबची म्हणजे थेट अमेरिकेतली. तथापि तिचा संबंध घर, नवरात्र आणि नातेवाईक यांच्याशीच आहे. त्यामुळे मी माझी पायरी सोडली असे कोणी म्हणू नये.

२०२४ च्या पावसाळ्यात मी फ्लोरिडात टँपा येथे चिरंजीवांकडे गेले होते. आमचे हे गुडघ्यांमुळे पुण्यासच राहिले; त्यांना धाकट्या दिरांच्या आणि जाऊबाईंच्या हवाली करून मी निघाले होते. घट पुण्याच्या घरी दरवर्षी बसतातच. पण नातीने ते कधी पाहिले नव्हते, म्हणून ३ ऑक्टोबरला सूनबाईने तिकडेही हौसेने बसवले. परसातली माती, सात धान्ये, मधे कलश, शेजारी नंदादीप. नऊ दिवस हा दिवा विझू द्यायचा नाही, हे नातीला इतके पटले की ती शाळेतून आल्यावर दप्तर टाकण्याआधी तेल पाहू लागली.

त्याआधी आठवडाभरच 'हेलीन' नावाचे वादळ येऊन गेले होते. २६ सप्टेंबरला ते बरेच उत्तरेला किनाऱ्यावर चढले, तरी टँपा उपसागराचे पाणी फुगून काठच्या कितीतरी घरांत शिरले. भिजलेल्या गाद्या, सोफे, कपाटे यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडले होते. ते उचलून होण्याच्या आत दुसरे आले. त्याचे नाव मिल्टन.

५ तारखेला, शनिवारी, मेक्सिकोच्या आखातात त्याचे बारसे झाले आणि सोमवारी ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, प्रतीला जाऊन पोचले. वाऱ्याचा वेग ताशी १८० मैल. मायामीच्या वादळ केंद्राचे पत्रक पहाटे पाच, सकाळी अकरा, सायंकाळी पाच आणि रात्री अकरा असे चार वेळा निघते. त्या दिवसांत आमच्या घरी चहाच्या वेळा चुकल्या, पत्रकाची चुकली नाही.

तिकडे किनाऱ्याकडच्या वस्तीचे 'ए'पासून 'ई'पर्यंत विभाग पाडून ठेवले आहेत. 'ए' सर्वांत धोक्याचा. हे विभाग वाऱ्यावरून नव्हे, तर समुद्र किती आत येईल यावरून ठरतात. आपला पत्ता घातला की आपले अक्षर कळते. चिरंजीवांचे घर 'बी'त. सोमवारी परगण्याच्या अधिकाऱ्यांनी 'ए' आणि 'बी' या दोन्ही विभागांना आणि हलक्या, तयार घरांत राहणाऱ्या सर्वांना घरे सोडण्याचा हुकूम दिला. उपसागरात पाणी दहा ते पंधरा फूट चढेल, असा अंदाज होता.

हुकूम निघाला म्हणजे निर्णय झाला, असे तुम्हाला वाटेल. छे! वादाला खरे तोंड तिथून फुटले.

चिरंजीव म्हणाले, आपण जायचे नाही. त्यालाही कारण होते. २००५ साली ते ह्यूस्टनला शिकत असताना रिटा नावाचे वादळ आले. कॅतरिनाने न्यू ऑर्लीन्स बुडवून महिनाही झाला नव्हता, त्यामुळे सारे ह्यूस्टन एकदम रस्त्यावर लोटले. चिरंजीव मित्राच्या गाडीत वीस तास अडकून पडले होते. उन्हाळा भयंकर, पेट्रोल संपलेले, प्यायला पाणी नाही. वृद्धाश्रमातील माणसांना नेणाऱ्या एका बसला डॅलसजवळ आग लागून तेवीस जण गेले. टेक्ससमध्ये रिटाच्या निमित्ताने दगावलेल्यांतले बहुतेक त्या पळापळीतच दगावले, आणि वादळ ऐन वेळी पूर्वेला वळले. ज्याने हे पाहिले त्याला 'निघा' म्हणणे सोपे नसते.

सूनबाईचे मत अटलांटाला जावे. साडेचारशे मैल, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली.

शेजारचे वृद्ध गृहस्थ कुंपणावरून सांगत होते, १९२१ नंतर टँपावर मोठे वादळ थेट आलेले नाही, या खेपेसही येणार नाही. तिथे एक समजूत आहे की, टोकोबागा नावाच्या मूळ रहिवाशांनी पूर्वी रचलेली मातीची टेकाडे गावाचे रक्षण करतात. मला ऐकून बरे वाटले. प्रत्येक गावाला ग्रामदैवत असायचेच.

आणि मी? आता खरे तेच सांगते. मी एका बाजूला बसून मनात ठरवीत होते की, तुम्ही सगळे जा, मी राहते. घट बसलेले असताना ते सोडून जायचे? तेवता दिवा टाकून? चाळीस वर्षांत मी असे केलेले नाही. शिवाय मला गाडीत फार वेळ बसवत नाही. तोंडाने मी एवढेच म्हणाले, "माझे काय, मी राहीन." त्याबरोबर चिरंजीवांनी विजयी मुद्रेने सूनबाईकडे पाहिले. आई राहणार म्हणजे आता प्रश्नच मिटला! नात तिथेच उभी होती. सात वर्षांची. घर न सोडणारे म्हातारे माणूस एकटे मागे राहत नाही, ते सगळ्यांना मागे ठेवते, हे माझ्या लक्षात आले ते तिच्याकडे पाहून.

तोडगा शेवटी सूनबाईनेच काढला. तिने नकाशा टेबलावर पसरला. तिकडचे अधिकारी लोकांना वर्षानुवर्षे सांगत असतात की, पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. मजबूत घर वारा सोसते. समुद्र आत आला तर घर कितीही मजबूत असो, उपयोग नाही. तेव्हा शेकडो मैल कशाला जायचे? पाणी पोचणार नाही अशी उंच जागा आणि पक्के घर मिळाले की झाले. तिच्या मैत्रिणीचे घर पंचवीस मैल आत, प्लँट सिटीकडे, कोणत्याच विभागात न मोडणारे आणि हल्लीच्या कडक नियमांनी बांधलेले होते. प्लँट सिटी स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे त्यांचे महाबळेश्वरच; फक्त डोंगर नाही. वीस तासांचा रस्ता नाही म्हटल्यावर चिरंजीवांचा विरोध निम्मा ओसरला.

राहता राहिला दिवा. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी पुण्याला फोन लावला. तिथे साडेसात, आरतीची वेळ. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, दिवा घराण्याचा असतो. तो इथे तेवतो आहे. तुम्ही निघा बघू." मग मी हात जोडले आणि दिवा शांत केला. सूनबाई स्वयंपाकघरात निघून गेली. नात मात्र रडली.

तिचे रडणे थांबले ते सामान भरताना. वादळासाठी काय जवळ ठेवावे याची सरकारी यादी होती: न शिजवता खाता येईल, नासणार नाही, पोटाला आधार देईल असे अन्न तीन दिवसांचे. दुकानांतली फळ्यांची फळ्या रिकामी झाली होती. पण माझा नऊ दिवसांचा उपवास! राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले शेंगदाणे, बटाट्याचा कीस असे डबेच्या डबे तयार होते. आपल्या आजेसासवांनी ही यादी केव्हाच करून ठेवली आहे.

आता निरोपाविषयी. या बाबतीत मात्र मी कोणाचे ऐकले नाही, कारण माझे माहेर श्रीवर्धन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा सकाळी भावाशी बोलणे झाले होते. "पत्रे दोरांनी बांधले आहेत," तो म्हणाला. मग आवाज गेला तो पाचव्या दिवशी आला. विजेचे खांब आडवे, मनोरे बंद, आणि आम्ही टाळेबंदीत पुण्यात. दहा नातेवाईक दर अर्ध्या तासाने तोच मुका नंबर फिरवीत होतो आणि मग एकमेकांना फोन करून "लागला का?" विचारीत होतो. शेवटी वाडीतला एक गडी रेंज मिळेल तिथवर गेला आणि त्याने निरोप धाडला की माणसे आहेत, सुपारीची बाग गेली. ती शंभर वर्षांची बाग होती. तरी मी तो निरोप वाचून देवापुढे साखर ठेवली. ते चार दिवस यांनी पाहिले होते. आता यांचे वय ७९, हृदयाला एक झडप नवी बसवलेली; त्यांना ते पुन्हा दाखवायचे नव्हते.

म्हणून निघण्यापूर्वी मी दिरांशी सगळे ठरवून घेतले. आम्ही निरोप फक्त त्यांना धाडणार, बाकी सत्तावीस घरांना ते कळवणार. कोणीही आम्हाला फोन करायचा नाही. बॅटरी आमच्या कामाची आहे. बोलणे लागत नसले तरी लेखी निरोप पुष्कळदा वाट काढून जातो, म्हणून लेखीच. निरोपात वेळ आणि ठिकाण घालायचे, कारण अडकलेला निरोप सहा तासांनी पोचला तर तो केव्हाचा हे समजले पाहिजे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे शुक्रवारी रात्रीपर्यंत काहीच आले नाही तरी त्याचा अर्थ काही नाही असे समजायचे. दीर बँकेत होते. त्यांनी हे सारे वहीत उतरवून घेऊन वाचून दाखवले.

पंचवीस मैलांना अडीच तास लागले. बुधवारी दिवसभर पाऊस. संध्याकाळी झाडे अशी वाकू लागली की खिडकीकडे पाहवेना. आठ वाजता मी निरोप धाडला: "बुधवार रात्री ८. प्लँट सिटी. सर्व सुखरूप." साडेआठच्या सुमारास मिल्टन सिएस्टा की या बेटावर चढले. नऊनंतर वीज गेली, पाठोपाठ फोन गेले. आम्ही सगळे बिनखिडकीच्या बोळात गाद्या टाकून बसलो. तो आवाज आगगाडीसारखा असतो म्हणतात. मला तो दळणाच्या गिरणीसारखा वाटला, आणि कोणीतरी ती बंद करावी असे रात्रभर वाटत राहिले.

पुण्यात तेव्हा गुरुवारची सकाळ उजाडत होती. सेंट पीटर्सबर्गच्या क्रीडागृहाचे छप्पर वाऱ्याने फाडल्याची दृश्ये मंडळींनी पाहिली. ते गाव आमच्या समोरच्या काठावर. एका भाच्याने कुठल्यातरी जुन्याच पुराची चित्रफीत 'टँपा बुडाले' म्हणून घरच्या व्हॉट्सॲपवर टाकली. दिरांनी त्याला जन्मात प्रथम रागावून बोलले म्हणे. आमचा पुढचा निरोप गेला तो गुरुवारी सकाळी अकराला, चिरंजीवांनी कोपऱ्यावर जाऊन फोन डोक्यावर धरला तेव्हा. मधे पंधरा तास. हे त्या पंधरा तासांत काय करीत होते, असे मी नंतर जाऊबाईंना विचारले. घटाशेजारी पाट टाकून बसले होते म्हणाल्या. यांना विचारले तर म्हणाले, "फोन चार्ज करायचा पॉइंट तिथेच आहे."

झाले असे की, वादळ टँपाच्या दक्षिणेला जवळजवळ पन्नास मैलांवर चढले. या वादळांचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, त्यामुळे टँपात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि उपसागराचे पाणी चढण्याऐवजी ओसरले. पाणी चढले ते दक्षिणेच्या गावांत. आमच्याकडे पाऊस मात्र अतोनात झाला. सेंट पीटर्सबर्गात अठरा इंचांहून अधिक. आणि गंमत म्हणावी की काय, सर्वांत जास्त माणसे एका ठिकाणी गेली ती दूर पूर्व किनाऱ्याकडे, वादळाबरोबर उठलेल्या चक्रीवातांत.

शनिवारी, दसऱ्याला, घरी परतलो. घराला काही झालेले नव्हते. कुंपणाच्या चार फळ्या आणि फ्रीजमधला वास, बस्स. शेजारचे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. "टेकाड!" एवढेच ते म्हणाले आणि हसले. चिरंजीव त्यांना वाऱ्याच्या दिशा समजावू लागले, तेव्हा त्यांनी थंड पेयाचा डबा पुढे केला. पुण्या-मुंबईचे फोनही तसेच. "उगीच गेलात की हो!" उगीच गेलो खरे. सोमवारी ज्याला पन्नास मैलांची चूक आधी दिसत होती, असा मात्र त्यांत कोणी नव्हता.

चार दिवस अंधारात राहून घटाचे धान वीतभर वाढले होते, पण पिवळेधमक. मी दिवा लावला, नातीने त्यात तेल घातले. यांचा फोन आला. "आमचे हिरवे आहे," हे म्हणाले, "तुमचे?" मी म्हटले पिवळे. "चालायचेच," हे म्हणाले, "सोने पिवळेच असते," आणि मग गोळ्या वेळेवर घेतेस की नाही ते विचारू लागले.